फवारणी डाळिंबावर, राग ज्वारीवर

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, आम्ही पुण्यात राहतो. घरात नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी झाल्यापासून मी होईल तेवढं सेंद्रियच आणते. डाळी, तांदूळ, ज्वारीचं पीठ, गूळ, भाज्या, सगळं. महिन्याला पाच-सहा हजार जास्त जातात. नवऱ्याला हे खूळ वाटतं. मोठे दीर मंगळवेढ्याकडे शेती करतात आणि दर वर्षी शिमग्याच्या सुमाराला दोन पोती ज्वारी पाठवतात. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा भाऊजी बॅरलमध्ये चार-पाच औषधं एकत्र कालवून डाळिंबाच्या बागेत फवारत होते. तो वास अजून माझ्या नाकात आहे. यंदा पोती आली तेव्हा 'आम्ही सेंद्रियच खातो' असं सांगून मी ती आल्या गाडीने परत पाठवली. तेव्हापासून जाऊबाईंचा फोन नाही. सासूबाई भाकरीला हात लावत नाहीत, पोटाचं निमित्त सांगून नुसता भात खातात. माझं चुकलं का? सेंद्रिय सोडून द्यायचं का? त्यात खरंच काही असतं, की आम्ही नुसते पैसे घालवतोय?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. फवारणी तुम्ही पाहिलीत डाळिंबावर आणि परत पाठवलीत ज्वारी. म्हणून आधी ज्वारीचंच बोलू.

मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे रब्बीची, कोरडवाहू आणि बहुधा मालदांडी वाणाची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची आणि फेब्रुवारीच्या आसपास काढायची. मधल्या चार महिन्यांत पाऊस जवळजवळ नसतोच. तिथल्या खोल काळ्या रानाने पावसाळ्यात जी ओल धरून ठेवलेली असते, तिच्यावर हे पीक निभावतं. ज्या पिकाला पाणी द्यायची सोय नाही त्याच्यावर महागडी औषधं मारायला शेतकरी काही खुळा नाही. एकरी हातात काय येणार, याचा हिशोब त्याच्या बोटांवर असतो. काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पेरताना बियाण्याला गंधक चोळतात, किलोला ४ ग्रॅम. खोडमाशीचा त्रास असेल तर पहिल्या महिन्यात कुणी फवारणीचा एखादा हात मारतं. अलीकडे लष्करी अळी ज्वारीवरही दिसते, त्यामुळे एखादी फवारणी वाढली असेल. पण तुम्ही दिवाळीला गेलात तेव्हा ती ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी असणार. कणीस बाहेर पडायलाच अजून बरेच आठवडे होते. तेव्हा पानावर काही पडलं असलं तरी फेब्रुवारीतल्या दाण्यात ते सापडण्याचा संभव फारच थोडा.

मी कृषी खात्यात बत्तीस वर्षं काढली. 'ही ज्वारी सेंद्रिय आहे' असं सही करून मी देणार नाही, कारण भाऊजींनी पेरताना डीएपी या रासायनिक खताचं एखादं पोतं वापरलं असेल, आणि मग नियमाने ती सेंद्रिय राहत नाही. पण तुम्ही पाकिटात जे शोधत होतात, त्याच्या अगदी जवळ जाणारं धान्य दारात आलं होतं. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठार उघडलं ते याच मंगळवेढ्यात. त्या गावची पोती परत गेली म्हटल्यावर जाऊबाईंना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

इथे एक गोंधळ दूर करते, तो पुष्कळांचा होतो. रासायनिक खत वेगळं आणि औषध वेगळं. युरिया, डीएपी ही खतं. झाडाला नत्र शेणखतातून मिळो की युरियातून, मुळं ते ज्या रूपात उचलतात ते रूप तेच असतं. युरिया वारेमाप टाकला की जमिनीची नासाडी होते, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट उतरतं, पीक लुसलुशीत होऊन कीड जास्त येते. ही सगळी नुकसानी खरी आहे. पण ती मुख्यतः शेताची आणि विहिरीची. तुमच्या भाकरीत युरिया येऊन बसत नाही. ताटापर्यंत येण्याची भीती असते ती कीटकनाशकांची आणि बुरशीनाशकांची. बोलताना आपण त्यांना 'औषध' म्हणतो, आणि गावाकडे एखाद्याने 'औषध घेतलं' म्हटलं की घरात रडारड सुरू होते.

आता तुमच्या सेंद्रिय ज्वारीच्या पिठाबद्दल. त्या पाकिटावरची दळल्याची तारीख कधी पाहिलीत का? ज्वारीचं पीठ महिनाभरात विरी जायला लागतं. मग भाकरी थापताना कडा फाटतात, परातीतून उचलली की मधोमध चिरते, तव्यावर टाकताना दोन तुकडे होतात. सासूबाईंचं पोट खरंच दुखत असेल, मी त्यांना खोटं पाडत नाही. पण जन्मभर मालदांडीच्या ताज्या दळणाची भाकरी खाल्लेल्या बाईपुढे दोन महिन्यांच्या पिठाची भाकरी आली, तर तिला भात बरा वाटणारच. अन्नाची प्रत म्हणतात त्यात हेही येतं. धान्य कधी काढलं, कधी दळलं, किती पॉलिश केलं, कोंडा ठेवला की काढला. सेंद्रिय शिक्का यातलं काहीच सांगत नाही. सेंद्रिय मैदा हा मैदाच असतो आणि सेंद्रिय बिस्किटात साखर तेवढीच असते. तुमच्या पाच-सहा हजारांत अशा वस्तूंचा वाटा किती आहे, ते एकदा बिलं काढून बघा.

डाळिंबाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तुम्हाला जे दिसलं त्याने घाबरलात, त्यात तुमची चूक नाही. तेल्या रोगाने सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी बागा बसल्या आहेत. बहर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीला असतो, आणि दुकानदार सांगेल ते तो बॅरलमध्ये ओततो. चार-पाच औषधं एकत्र कालवणं हे मुळातच चुकीचं. कशाचा कशाशी काय संयोग होईल ते सांगता येत नाही. डाळिंबाची जाड साल आपण फेकून देतो, हे खाणाऱ्याचं नशीब.

भाज्यांना तसली साल नसते. ताटातली काळजी करायची तर ती इथे करा. वांग्याचं उदाहरण घ्या. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. म्हणून ती शिरायच्या आधी, म्हणजे पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. वांग्याचा तोडा दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असतो. औषधाच्या बाटलीवर प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो, म्हणजे फवारल्यानंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. तो कधी तीन दिवस असतो, कधी सात, कधी त्याहून जास्त. वांगी काही तेवढे दिवस थांबत नाहीत. ती जून होतात, बी धरतात, आणि बाजाराचा वार ठरलेला असतो. मग काय होणार? भेंडी, टोमॅटो, हिरवी मिरची, भोपळी मिरची, जिथे जिथे तोडा पुन्हा पुन्हा होतो तिथे हीच ओढाताण. फ्लॉवर-कोबीचा गड्डा एकदाच काढतात, पण त्याच्या घड्यांत औषध अडकून राहतं. आणि आपण तरी काय करतो? वांग्याला एक भोक दिसलं की ते टोपलीत परत टाकतो. चकचकीत माल आपणच मागितलेला असतो.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. एकदा ऐन हंगामात, फेब्रुवारीत गेले होते. मांडवाखालून चालताना सवयीने हात वर गेला आणि घडाला लागला. मागून वहिनी ओरडली, "वन्सं, त्या ओळीतलं नको! परवाच मारलंय. तिकडं कडंच्या चार वेली घरच्या हायेत, त्यातलं घ्या." मी कृषी खात्यातली बाई, लोकांना प्रतीक्षा कालावधी शिकवत गावोगाव हिंडलेली, तिथे हात वर करून उभी. कडेच्या त्या चार वेलींच्या मण्यांवर डाग होते, घड विरळ होते, दिसायला अगदीच सुमार. पण ती घरच्यांनी खायची द्राक्षं. वहिनीने ते काही लपवून सांगितलं नव्हतं, 'पायरी जपून' म्हणावं तितक्या सहज सांगितलं. बागाईत भागात तुम्ही कुणाच्याही घरी गेलात तर परड्यातला एक वाफा बहुधा असा दिसेल.

म्हणून द्राक्षं बंद करायची का? मुळीच नाही. द्राक्षाचंच उदाहरण दुसऱ्या बाजूने सांगते. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर निघाला आणि कंटेनर अडकले. ते कीटकनाशकही नव्हतं, वेलीची नुसती वाढ आवरणारं रसायन होतं, आमच्याकडे त्याला लिहोसिन म्हणतात. त्या एका हंगामाचा फटका असा बसला की एरवी आमच्या सभांना न येणारे बागाईतदार स्वतःहून विचारायला आले, कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, उर्वरित अंशाच्या मर्यादेत बसला तरच माल पुढे सरकतो. म्हणजे रासायनिक शेतीतूनही स्वच्छ फळ निघतं, कुणीतरी तपासणारं असलं की. आपल्या मंडईतल्या पाटीमागे तसं तपासणारं बहुधा कुणी नसतं, हे दुखणं आहे. घरापुरतं म्हणाल, तर मण्यांवरचा पांढुरका सारखा थर पाहून घाबरू नका, तो द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. थेंब सुकल्यासारखे निळसर-पांढरे ठिपके दिसले तर तो फवारा. आणि गंमत म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं, गंधकही चालतं. सेंद्रिय म्हणजे काहीच फवारायचं नाही, असं नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. भाज्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा धुतल्या तर आणखी बरं. कोबीची वरची दोन-तीन पानं काढा. यातून सालीवरचं बरंच जातं. जी औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसातून फिरतात, ती धुऊन जात नाहीत. भाज्या धुवायचे म्हणून जे महागडे द्रव बाटलीतून विकतात त्यांच्याशिवाय माझं तरी काही अडलेलं नाही.

तेव्हा पैसे खर्च करायचेच असतील तर ते वांगी, भेंडी, मिरची, टोमॅटो, फ्लॉवर आणि कोथिंबीर-पालकासारख्या पालेभाज्यांवर करा. ज्वारी, बाजरी, नाचणीवर सेंद्रियचा दुप्पट भाव मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. शेवगा, सुरण, रताळी, लाल भोपळा, नारळ यांनाही नाही. अंबाडी, तांदुळजा, घोळ, चाकवत या भाज्या तुमच्या ॲपवर दिसत नसतील, पण मंडईच्या कडेला एखादी म्हातारी पोतं अंथरून बसलेली असते तिच्याकडे असतात. त्यांच्यावर फवारायला कुणाला वेळ नसतो. हंगाम पाहा. थंडीतला फ्लॉवर आणि मे महिन्यातला फ्लॉवर यांच्यावरच्या फवारण्या सारख्या नसतात. एकच सावधगिरी, नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या काठावर पिकलेली पालेभाजी घेऊ नका. पाण्यातून येणाऱ्या जड धातूंपुढे सेंद्रिय-असेंद्रिय हा भेद उरत नाही.

मग सेंद्रियमध्ये खरंच काही असतं का, हा तुमचा मूळ प्रश्न. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी तोवरचे शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले. पोषणमूल्यांत मोठा फरक दिसला नाही, कीटकनाशकांचा अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी आढळला. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने असाच आढावा निघाला. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी दिसला. दोघांचं भांडण पोषणावर आहे, औषधाचा अंश कमी असतो यावर नाही. नवऱ्याला हे वाचून दाखवा. 'खूळ' हा शब्द त्यांना मागे घ्यावा लागेल, आणि 'सेंद्रिय खाल्लं की मुलगी आजारीच पडणार नाही' असा तुमचा समज असेल तर तोही तुम्हाला सोडावा लागेल. लहान मुलाने साधी भाजी, साधं फळ भरपूर खावं. सेंद्रिय मिळालं नाही म्हणून त्या दिवशी भाजीच नाही, असं कधी होऊ देऊ नका. मी अशी घरं पाहिली आहेत, म्हणून सांगते.

हे सगळं माल खरोखर सेंद्रिय असेल तर. माझी फजिती सांगते. निवृत्तीनंतर दर रविवारी मी एका सेंद्रिय बाजारात जायची. नाव घेत नाही. एका स्टॉलवरची मेथी मला फार आवडायची. एकदा जरा लवकर गेले तर स्टॉलवाल्याचा टेम्पो रिकामा होत होता. जुड्यांची पोती उतरत होती, आणि पोत्यांवर मार्केट यार्डातल्या एका गाळ्याचा शिक्का. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, पोती फक्त तिथली आहेत." असेलही. तेव्हापासून मी त्याची मेथी घेतलेली नाही, आणि बत्तीस वर्षं खात्यात काढूनही शिक्का बघायला वर्षभर लागलं, याची लाज वाटते ती वेगळीच.

म्हणून पाकीट वाचायला शिका. आपल्याकडे प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. एक त्रयस्थ संस्थेकडून होणारी, २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालची. दुसरी पीजीएस-इंडिया, जिथे शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रमाणित मालावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवून दिलेलं सेंद्रियचं बोधचिन्ह असतं. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं थांबावं लागतं. त्या काळात उत्पन्न बहुतेकदा घटतं आणि भाव साधाच मिळतो. सेंद्रिय महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि ते रास्त आहे. 'नॅचरल', 'केमिकल फ्री', 'फार्म फ्रेश' हे नुसते शब्द आहेत, त्यांनी माल सेंद्रिय ठरत नाही. दुकानात प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असेल तर जवळ जाऊन बघा. त्यावर पिकांची यादी असते आणि मुदत असते. हळदीचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि विक्रीला सफरचंद, असलं मी पाहिलेलं आहे.

गुळाचं तर विचारू नका. 'सेंद्रिय गूळ' म्हणून जे विकतात, त्यात बरेचदा एवढंच खरं असतं की काहिलीत रंग उजळायची हायड्रोस पावडर टाकली नाही, मळी काढायला भेंडीचा रस वापरला. ती गोष्ट चांगलीच आहे. पण तो झाला रसायनविरहित गूळ. ऊस युरियावरच वाढलेला असू शकतो. गुऱ्हाळवाल्याला सरळ विचारा, 'ऊस कुणाचा?' हायड्रोस घातलेला गूळ पिवळाधमक दिसतो. नुसता काळपट रंग पाहून भुलू नका, साखर घालूनही काळा गूळ निघतो. पिवळाजर्द बेदाणा तर गंधकाची धुरी दिल्याशिवाय होत नाही, हे मी माहेरच्या मालाबद्दल सांगते आहे.

छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे तुमचं तुम्हालाच पारखावं लागतं, आणि विचारलं की कळतं. अळी आली तेव्हा काय केलंत? शेणखत कुठून आणता? शेजारच्या रानातलं औषध वाऱ्याने येतं त्याचं काय करता? जो खरा करतो तो यावर अर्धा तास बोलतो. निंबोळी अर्क यंदा वेळेत झाला नाही, दहा झाडपाल्यांच्या दशपर्णी अर्काने मावा हटला नाही, पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती सापडले, सगळं सांगतो, तक्रारींसकट. 'आमच्याकडे कीड येतच नाही' म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

आता त्या वासाबद्दल, तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो. तुम्हाला बांधावरून पाच मिनिटं वास आला. भाऊजी त्या तुषारांत तासन्‌तास उभे असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी खाऊन कुणाला काही झालेलं नव्हतं. सेंद्रियचा सगळ्यात मोठा फायदा ग्राहकाला होतो असं जाहिरातीतून वाटतं, पण तो आधी फवारणाऱ्याला होतो. तुम्ही म्हणालात 'आम्ही सेंद्रियच खातो', आणि भाऊजींना ऐकू आलं 'तू विष पिकवतोस'. त्याऐवजी 'तोंडाला काही बांधता का हो?' असं कुणी विचारलं असतं तर?

हाच फोन आता करा. आधी जाऊबाईंना, कारण दुखावल्या त्या आहेत. पोती त्यांनी भरली असतील, धान्य त्यांनी निवडलं असेल. माहिती सांगत बसू नका, माझं नावही घेऊ नका. 'ताई, मी फवारणी डाळिंबावर पाहिली आणि घाबरून ज्वारी परत केली, माझं चुकलं' एवढं पुरे. त्या लगेच विरघळणार नाहीत. 'असू दे, आता विकली' म्हणतील. विकली असेल तर पुढच्या वर्षीची आत्ताच सांगून ठेवा, आणि फुकट नको म्हणा. पाकिटाला मोजता ते पैसे त्यांना मोजा. ते घेणार नाहीत, मग करडई मागा, तूर मागा, त्याचे तरी द्या. भाऊजींशी बोलाल तेव्हा औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण कुठला आहे ते विचारा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हातमोजे आणि मास्क पुण्याहून दिवाळीला घेऊन जा. ते वापरतील याची खात्री देत नाही, माझा भाऊ अजून वापरत नाही. पण वहिनी त्याच्या मागे लागते, आणि तुमच्या जाऊबाईही लागतील.

एक प्रश्न मात्र न चुकता विचारा, तो सेंद्रियचा नाही. 'पोत्यात काही घातलंय का?' सोंडे-किडे होऊ नयेत म्हणून गावाकडे कुणी कडुलिंबाचा पाला घालतं, कुणी राख. पण काही जण सेल्फॉसच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून विषारी वायू सुटतो. घरगुती वापराला त्या नाहीतच, आणि बंद खोलीत अशी पोती ठेवून माणसं दगावलेली आहेत. गोळ्या टाकल्या असं कळलं तर ते पोतं फ्लॅटमध्ये अजिबात आणू नका. पाठवताना काही घालू नका असं आधीच सांगा. ज्वारी आली की गच्चीत दोन उन्हं द्या, गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा, मधूनमधून कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा. आणि गिरणीतून आल्यावर पहिला डबा सासूबाईंच्या हातात द्या, परात त्या मागतील.

ता. क. घरात जे विरी गेलेलं सेंद्रिय पीठ उरलं आहे, ते टाकू नका. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं तर भाकरी निभावते. नाहीतर कांदा-कोथिंबीर घालून धिरडी करा, मुलगी आवडीने खाईल.